चेपलेली थाळी

आइंडहोवन
२४ जानेवारी २०२१

चि. सिद्धार्थ,

आजीचा जय भीम. आजी म्हणजे कोण ते आधी सांगते, वर्ष होत आलं, विसरला असशील. मी सुमती. तुझ्या बापाची आई. ठेंगणी, काळी, डाव्या गालावर तीळ. तुझ्या फिट्सच्या, म्हणजे सायकलच्या, कॅरियरवर बसून बाजाराला चल म्हणालास तर हातातली पिशवी तुझ्या पाठीत घालणारी. आता आठवलं? नसेल तर तुझ्या आईकडे फोटो आहे. त्यात मी बरी दिसते, म्हणजे तरीही ओळखणार नाहीस.

फोन तू बंद ठेवतोस. चालू ठेवलास तर म्हणे तिथे डोंगर आडवा येतो. महिन्यातून एकदा आईला दोन शब्द येतात, की मी मजेत आहे. माणूस खरंच मजेत असला तर इतक्या थोडक्यात सांगत नाही. म्हणून हे पत्र.

पत्राची गंमत बघ. मला लिहिता येत नाही. तुला मराठी कळतं पण वाचता येत नाही. तुझ्या घरमालकीणबाई तिथल्या शाळेत शिकवतात, त्यांना ही अक्षरं वाचता येतात, पण मराठी कळत नाही. मी बोलणार, तुझी आई लिहिणार, त्या न समजता वाचणार आणि तू न वाचता समजणार. चौघं मिळून एक शिकलेला माणूस झालो.

बहनजी, नमस्ते. आप पढ़ते जाओ, समझने की गरज नहीं. लड़का हँसा तो समझना बुढ़िया ने मजाक किया. चुप बैठा तो उसको चाय दो.

इकडे कालपासून रात्री नऊनंतर रस्त्यावर यायला बंदी आली. त्याला आवोंदक्लोक म्हणतात. शेजारची डच म्हातारी खिडकीतून हातवारे करून सांगत होती, भारी चिडली आहे. मी कशाला चिडू? मी नऊच्या आधी तरी कुठे जाते. 

तुझा बाप कामानिमित्त बाहेरगावी गेला आहे.

लिही ना यामिनी. मी सांगते तेच लिहायचं असं ठरलंय ना आपलं.

बाहेरगावी गेला आहे, कधी येईल ते ऑफिसला माहीत. घरून काम करा म्हणून सगळ्या जगाला सांगितलंय, याला एकट्याला बाहेरगावी पाठवलं. मोठा साहेब आहे. चष्मा मात्र इथेच विसरलाय. तुझी आई म्हणते, एवढं पुरे. बरं, पुरे.

तू पाठवलेला धबधब्याचा फोटो पाहिला. सगळं गोठलंय, कुणी डोंगरावरून पांढरं लुगडं वाळत घातलं असावं तसं. पण फोटोत देऊळ नाही. लोक धबधब्याचेच फोटो काढतात, खाली कोण बसलंय ते कुणी बघत नाही. तू राहतोस त्या चनोटीचं वेड तुझ्या डोक्यात मीच घातलं, तेव्हा पुन्हा एकदा सगळं सांगते. अर्धी गोष्ट ऐकून माणूस डोंगरावर जातो आणि तिथेच राहतो, हे आता मला कळलंय.

तुझे आजोबा पलटणीत होते. त्या वर्षी डोंगराच्या पायथ्याच्या छावणीत कुटुंब नेता आलं. तुझा बाप दीड वर्षाचा, नाक सतत गळतं. सुट्टीच्या दिवशी पलटणीचा ट्रक चनोटीपर्यंत जायचा, त्यात बसून आम्ही गेलो. देऊळ लाकडाचं, खालच्या अंगाला. पाण्याचा आवाज तिथूनच ऐकू येतो, पाणी दिसत नाही. त्या गावची रीत अशी, की धबधब्याला एकट्याने जायचं नाही. एक माणूस वर गेला की त्याचं एक माणूस खाली देवळाशी बसतं आणि थोड्या थोड्या वेळाने घंटा वाजवत राहतं. वर धुकं कधी उतरेल सांगता येत नाही. उतरलं की वाट दिसत नाही, हाक पाण्यात बुडते. घंटा तेवढी पोचते. तिच्या आवाजाकडे चालत यायचं.

आजोबा म्हणाले, मी खाली बसतो. मी रोज डोंगर चढतो, तू जा. मी पोराला पाठीशी बांधलं. देवळातल्या म्हातारीने आजोबांच्या हातात घंटेची दोरी दिली. त्यांनी सोडली. म्हणाले, "माफ करना माताजी, मैं मंदिर की घंटी नहीं बजाता." दीक्षाभूमीवर स्वतःच्या बापाच्या शेजारी उभं राहून बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. म्हातारीला काही कळेना. ती पुन्हा दोरी हातात देते, हे पुन्हा सोडतात. मला हसू येत होतं. आमच्या गावात या हाताने देवळाच्या घंटेला शिवले असते तर हात राहिला नसता. इथे एक बाई विनवण्या करत होती आणि हे नाही म्हणत होते.

शेवटी त्यांनी झोळ्यातून जेवायची ॲल्युमिनियमची थाळी काढली. म्हणाले, आवाजच हवा ना? आणि चमच्याने थाळी बडवायला लागले.

पुढचं तुला पाठ आहे. धुकं आलं, थाळी वाजत राहिली, मी खाली आले, थाळीला हा एवढा पोचा पडला. तुझा बाप आजही त्याच थाळीत जेवतो. त्याच थाळीवर हात ठेवून तो तुला म्हणाला होता, की माझ्या बापाने धुक्यातही तत्त्व सोडलं नाही आणि तुला साधी नोकरी धरून ठेवता येत नाही. तू म्हणालास, तुम्हाला माणसापेक्षा थाळी मोठी. तो म्हणाला, जायचं तर जा, पण गेलास की मला फोन करू नकोस. महिन्यासाठी गेलास, सगळं बंद पडलं, अडकलास. नंतर सगळं उघडलं तरी राहिलास. आणि फोन काही केला नाहीस. एकमेकांचा शब्द पाळण्यात तुम्ही बापलेक फार प्रामाणिक.

बर्फ वितळलं की देवळाशी जा. घंटा तीच आहे का बघ.

आजी

———

आइंडहोवन
२९ जानेवारी २०२१

सिद्धू,

आधीच्या पत्राच्या पाठोपाठ हे येईल, कदाचित आधीही येईल. हे अक्षर तुझ्या आईचं नाही. आपल्या माडीवर इरावती म्हणून मुलगी भाड्याने राहते, पुण्याची, इथल्या विद्यापीठात संशोधन करते. कशावर करते ते तिने मला दोनदा सांगितलं, मी दोनदा मान हलवली. आई खरेदीला गेली आहे. ती परत यायच्या आत लिहून व्हायला हवं, म्हणून थट्टा कमी करते.

तुझा बाप बाहेरगावी नाही. इस्पितळात आहे. तोच आजार. आपला नेहमीचा डॉक्टर, तो हुइसआर्ट्स, फोनवर म्हणत राहिला, पॅरासिटामोल घ्या, झोपा. मग एका सकाळी बोलता बोलता राकेशचे ओठ निळे दिसायला लागले आणि गाडी आली. आता घशात नळी आहे आणि त्याला झोपवून ठेवलंय. दिवसातून एकदा तिथून फोन येतो. फोन यायच्या आधी तुझी आई ओटा पुसत राहते. स्वच्छ ओटा.

भेटायला जाता येत नाही. तुझ्या आईला एकदा काचेबाहेर उभं राहू दिलं, मला नाही. माझं वय बघून ते घाबरतात. मी म्हटलं, बाबांनो, मी लहानपणी देवी काढल्या, माझा नवरा लढाईवर गेला, मला काय होतंय? इरावतीने त्याचं इंग्रजी केलं. काही उपयोग झाला नाही.

तुला कळवायचं नाही असं तोच सांगून गेला. स्ट्रेचरवर होता, तोंडावर मास्क, तो बाजूला करून यामिनीला म्हणाला, "सिद्धूला सांगू नका. घाबरून आला तर ते येणं नाही." यामिनीने ते धरून ठेवलंय. नवऱ्याचं ते शेवटचं बोलणं असेल या भीतीने ती ते मोडत नाही. मी मोडते. मी त्याची आई आहे, त्याचे हुकूम मला लागू नाहीत.

इरावती विचारते, आजी, असं सगळं स्पष्ट लिहू का? लिही बाई. तू पोचवणारी आहेस.

आता नीट ऐक. लगेच ये असं मी म्हणत नाही. आलास तर इस्पितळाच्या बाहेरच उभा राहशील, आम्ही राहतो तसा, त्याआधी कित्येक दिवस तुला एका खोलीत कोंडतील. मी दुसरंच मागते आहे.

तू जाऊन त्या देवळाशी बस. घंटा वाजव.

हसू नकोस. देवाला काही सांगायचं नाही. मला माहीत आहे घंटेने ताप उतरत नाही. त्याला बरं करायचं ते ते निळ्या कपड्यांतले लोक करतील, त्यांना विद्या आहे. पण मला त्याच्याजवळ बसू देत नाहीत. यामिनीला बसू देत नाहीत. माणूस धुक्यात गेलेला असताना खाली त्याचं कुणीच बसलेलं नाही, हे मला सहन होत नाही रे. एवढंच आहे. कुणीतरी कुठेतरी त्याच्यासाठी बसायला हवं. तुझ्या दारात ती जागा आहे.

तुझ्या मनात येईल, की बाबांना हे आवडणार नाही. बरा झाल्यावर चिडू दे त्याला. चिडायला तरी उठेल.

तुझी आई आली. दार वाजलं.

आजी

———

आइंडहोवन
१४ एप्रिल २०२१

चि. सिद्धार्थ,

आज बाबासाहेबांची जयंती. दरवर्षी हार्लेमहून मंडळी यायची, हॉल घ्यायचे, पोरं भाषण करायची, त्यातलं अर्धं डचमध्ये. यंदा सगळे चौकटीत दिसले, प्रत्येकाच्या मागे आपापलं कपाट. मी खीर केली आणि स्क्रीनला दाखवली. सगळे म्हणाले, वा. चव कुणाला कळली?

या पत्राचं अक्षर बघून बहनजी अडखळतील. ओळी उतरंडीला लागल्यात, काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. त्यांना सांग, पहिलीच्या पोरांची वही वाचता तसं वाचा.

हे अक्षर तुझ्या बापाचं आहे.

म्हणतो, हे कशाला लिहायचं. मी म्हटलं, मी सांगते ते लिहायचं, तुझी बायकोही तसंच लिहायची. मुकाट्याने लिहितोय. तो घरी आला मार्चमध्ये. गेला तेव्हा त्याच्या पँटीला पट्टा नुसता शोभेला लागायचा, आता पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. जिना बसून चढतो. हातात पकड नाही. फिजिओबाई म्हणाली, रोज थोडं लिहा, बोटं सुधारतील. इंग्रजी लिहू का, मराठी, असं विचारत होता. म्हटलं, बस माझ्यासमोर, तुला मजकूर देते. इरावती आज सुट्टीवर. मघाशी पेन पडलं, तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, श्वास लागला. मी उचलून दिलं नाही. यामिनी माझ्याकडे बघत राहिली. पण त्यानेच उचललं. हेही लिही. लिहिलंस? बरं.

तू पाठवलेला घंटेचा आवाज पोचला. माझी दोन्ही पत्रं बर्फामुळे कुठेतरी पडून होती आणि तुला एकदम मिळाली, ते तुझ्या आईला कळलं. तू इकडे फोन केलास तेव्हा बापाची नळी निघालेली होती आणि तुझी आई तुझ्याशी बोलता बोलता माझ्याकडे अशी बघत होती, की वाटलं आता माझीच नळी घालते. ते जाऊ दे. त्यानंतर तू खालच्या रस्त्यावर येऊन तो आवाज पाठवलास. आधी वारा. मग घंटा. मग थांबून पुन्हा घंटा. शेवटी तू म्हणतोस, "आजी, मी खाली बसलोय. बाबांसाठी." तुझं मराठी अजून तसंच, जिभेखाली चीजचा तुकडा धरल्यासारखं.

राकेश घरी आल्यावर आम्ही तो त्याला ऐकवला. त्याने ऐकला. मग यामिनीकडून फोन मागून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा ऐकला. बाहेर आला, टेबलावर ती चेपलेली थाळी होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "बाबांनी वाजवली नव्हती. याने वाजवली."

त्याच्या बोलण्यात राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. पण त्या दिवसापासून मी विचार करते आहे, की आता सांगावं का. तुझे आजोबा गेले तेव्हा सांगता आलं असतं. तू घर सोडून निघालास त्या रात्रीही तोंडावर आलं होतं, पण तेव्हा घरात कुणी ऐकण्याच्या स्थितीत नव्हतं. आज सांगते. दोघांना एकदमच सांगते. तू ऐक आणि राकेश, तू लिही.

थाळीचा आवाज वर पोचला नव्हता.

धुकं उतरलं तेव्हा मी अगदी पाण्याजवळ होते. हात लांब केला तर बोटं दिसेनात. पाण्याचा आवाज चहूकडून. पाठीवर हा रडत होता, त्याचं रडणंसुद्धा मला पाठीला कळत होतं, कानाला नाही. मी कान देऊन उभी राहिले. थाळीची टणटण कुठेच नव्हती. एक पाऊल टाकलं, पायाखालचा दगड खाली गेला, तो पडल्याचा आवाज आला नाही. मग मी बसले. पोराला पुढे घेतलं, पदरात गुंडाळलं. म्हटलं, आता इथेच.

आणि मग घंटा वाजली. थांबली नाही. गावची रीत थोड्या थोड्या वेळाने वाजवायची. ही नुसती धावत होती. कोण वाजवतंय ते मला कळलं. म्हातारीच्या हातात तेवढा जोर नव्हता. मी बसल्या बसल्या सरकत त्या आवाजाकडे आले. मध्ये आवाज डावीकडे गेला की मी डावीकडे.

खाली आले तेव्हा तुझे आजोबा दोन्ही हातांनी दोरी ओढत होते. मी समोर उभी, तरी ओढत होते. म्हातारीने त्यांच्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबले. थाळी पायरीवर पडली होती. तो पोचा चमच्याचा नाही. वरून माझी काही चाहूल लागेना तेव्हा त्यांनी ती पायरीवर आपटली आणि घंटेला हात घातला.

ट्रकमध्ये बसल्यावर मी म्हटलं, काय हो, प्रतिज्ञेचं काय झालं? मी थट्टेने म्हटलं. ते थट्टेने बोलले नाहीत. म्हणाले, "मी हात जोडले नाहीत, सुमती. मी माणसाला हाक मारली. बाबासाहेबांनी माणसाला हाक मारू नका असं कधी सांगितलं?"

पेन थांबलंय. मीही थांबते. यामिनी चहा ठेवते आहे.

चहा झाला. त्याने मला विचारलं, "मग मला थाळीची गोष्ट का सांगितली?" त्याचं उत्तर त्यालाच लिहायला लावते. राकेश, ही गोष्ट तुला आम्ही सांगितलीच नाही. तू शाळेत होतास, थाळीला पोचा कसा पडला म्हणून विचारलंस. तुझे बाबा म्हणाले, धुक्यात वाजवून वाजवून पडला. त्यांना पुढचं सांगायचं होतं. पण तू तेवढ्यावरच उठलास आणि गल्लीभर सांगत सुटलास, की माझ्या बाबांनी देवाची घंटा वाजवली नाही, थाळी वाजवली. छाती एवढी फुगवून. संध्याकाळी मी म्हटलं, त्याला खरं सांगा. ते म्हणाले, "राहू दे. पोराला बाप ताठ हवा आहे. मोठा झाला की वाकलेलाही चालेल, तेव्हा सांग."

तू मोठा कधी झालास ते मला समजलं नाही. मघाशी पेन उचलायला तू वाकलास तेव्हा वाटलं, झाला असावा.

सिद्धू, आता तुझ्या बापाने लिहायचं थांबवून डोळे पुसले. हे लिहू नको म्हणतो. म्हणून तर लिहायला लावलं. मी त्याला म्हटलं, आता एक ओळ तुझ्या मनची लिही पोराला. म्हणाला, काय लिहू. म्हटलं, मला काय विचारतोस, मी अडाणी. लिहिलेली पानं उलटून बघितली. मग म्हणाला, "आई, हे सगळं माझ्याच हातचं आहे ना? तेवढं त्याला पुरेल." मला पुरलं नसतं. पण तुम्ही कमी बोलणारे लोक. बहनजींना म्हणावं, हा कागद वाचून झाला की मुलाच्या हातात द्या. त्याला वाचता येत नसलं तरी बघू दे.

तिकडच्या बातम्या वाईट येतात. परवापर्यंत तुम्ही आमची काळजी करत होता, आता आमची पाळी. रोज टीव्हीवर रांगा दिसतात. तू डोंगरातच राहा, खाली शहरात उतरू नकोस, बहनजींची लस झाली का विचार. इकडे यायची घाई करू नकोस. विमानं उद्या बंद होतील, परवा चालू होतील. आम्ही खाली बसलोय. फोन मात्र करायचा. तुझ्या बापाने तुला दिलेला शब्द परत घेतला आहे. हे त्यानेच लिहिलंय, बघ, या ओळीतलं अक्षर जरा सरळ आहे.

बहनजी, चाय पिलाओ. और आप भी पियो.

तिकडून काय पाठवू, असं तू आईला विचारलंस. अक्रोड पाठव. सोललेले नकोत, ते इथल्या दुकानात पिशवीत मिळतात आणि पुठ्ठ्यासारखे लागतात. कवचासकट पाठव. कागदी कवचाचेही नकोत, ते चिमटीत फुटतात. बहनजींच्या अंगणातल्या झाडाचे जाड, हट्टी असतील ते. फिजिओबाईने तुझ्या बापाला मऊ चेंडू दिलाय दाबायला, दिवसभर दाबतो आणि हातात काही लागत नाही. अक्रोड एकटा मुठीत फुटत नाही, दोन घेऊन एकमेकांवर दाबावे लागतात. त्याच्या बाबांनी शिकवलं होतं त्याला, बघू आठवतं का. पार्सलवर माझं नाव घालू नकोस. त्याचं घाल.